जाळीवरची टिचकी

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या भावानं, दादानं, मला स्क्रीन प्रिंटिंगचा पहिला संच निवडून दिला. शाई जिच्यातून कागदावर उतरते ती फ्रेमवरची जाळीही कायम तोच ताणून द्यायचा. मी छापलेल्या लग्नपत्रिकांवर शाई पसरायची. "सुगंधे, हात जड गं तुझा," म्हणत तो माझी गिऱ्हाइकं स्वतःच्या छपाईच्या दुकानात न्यायचा. मला अक्षरंही उशिरा आलेली. त्यामुळे दोष माझाच वाटायचा.

काल नातीसाठी संच घ्यायला गेले. दुकानातल्या पोरीनं जाळीवर टिचकी मारली.

"आजी, ढोलकीसारखी वाजली पाहिजे. सैल जाळीत शाई पसरणारच."

"हात जड असला तर?"

"हाताचं काय घेऊन बसलात!"

दादा स्वतःच्या फ्रेमवर रोज टिचकी मारायचा. माझ्या फ्रेमवर कधीच नाही.

नातीची फ्रेम मी वाजवून घेतली. जाब विचारायला दादा नाही. तो गेल्या माघात वारला.