दांडाचं लुगडं

मनकर्णाबाईने काचेतल्या पुतळ्याला एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूने पाहिलं आणि विचारलं, "आन् बाकीचं अर्धं कुठी गेलं?"

अमरावतीतल्या या नव्या पोशाख संग्रहालयाचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं. लुगडं मनकर्णाबाईचंच, वलगावहून तिने स्वतः आणून दिलेलं. पण पुतळ्याच्या अंगावर दिसत होता तो फक्त हिरवा भाग. डाळिंबी भाग पदरासकट घडी करून पाठीमागे टाचण्यांनी बसवला होता.

"आजी, मधला जोड फार उठून दिसत होता," संग्रहालयाची करिश्मा म्हणाली. पोरगी गोड होती, पण सकाळपासून धावून धावून मेटाकुटीला आली होती. "लोकांना वाटेल, फाटकं लुगडं ठेवलंय."

"फाटलंच होतं ना. म्हनून तं दांड घातला."

दांड म्हणजे काय, हे करिश्माच्या गावीही नव्हतं. मनकर्णाबाईने समजावून सांगितलं. लुगडं विरतं ते मधोमध, टोकं धड राहतात. तिचं हिरवं विरलं, त्याच साली शेजारच्या सुंदराचं डाळिंबी विरलं. दोघींनी विरलेला भाग कापून टाकला आणि चांगली टोकं एकमेकींत वाटून जोडली. दोघींनाही एकेक लुगडं झालं, अर्धं आपलं, अर्धं दुसरीचं.

"सुंदरा येऊन राहिली मांगच्या बसनं. तिचं अर्धं असं कोंबलेलं पायलं, तं मी तिले तोंड कसं दाखवू? काच उघड."

"आजी, उद्घाटनाच्या प्रमुख पाहुण्या येतील आता. आणि नियम आहे, एकदा मांडलेल्या वस्तूला..."

मनकर्णाबाईने शेजारच्या काचेकडे बोट केलं. तिथून आजच्या फॅशनचा विभाग सुरू होत होता. पहिल्याच पुतळ्याला जीन्स घातली होती, दोन्ही गुडघे उघडे.

"तिच्या गुडघ्याले भोक चालते. आन् माह्या लुगड्याले जोड नाही चालत?"

करिश्माने किल्ली काढली.

मग मनकर्णाबाई कोणाला ऐकते? तिने टाचण्या उपसल्या, निऱ्या घातल्या, कासोटा खोचला. "हिले कंबरच नाही व माय," म्हणत आपल्या पिशवीची नाडी पुतळ्याच्या कमरेला आवळली. शेवटी डाळिंबी पदर असा घेतला की दांडाची शिवण ऐन छातीवर आली, पांढऱ्या दोऱ्याचे टाके मोजून घ्यावेत अशी. खालच्या कार्डावर तिने करिश्माकडून सुंदराचंही नाव लिहून घेतलं. दोन्ही नावं एका ओळीत.

काच लावायची राहिली तेवढ्यात पाहुण्या आल्या. फीत कापली, टाळ्या झाल्या. लुगड्यासमोर पाहुण्या थबकल्या आणि त्या टाक्यांकडे त्यांचा हात आपोआप गेला.

"मॅडम, हात नाही लावता येणार," करिश्मा घाईने म्हणाली.

दारातली गर्दी बाजूला झाली आणि सुंदराबाई आत आली. अंगावर तिचं दांडाचं लुगडं, खाली डाळिंबी, पदर हिरवा. तिने पुतळ्याकडे पाहिलं, शिवणीकडे पाहिलं, मनकर्णाकडे पाहून समाधानाने मान हलवली.

पाहुण्यांचा हात अजून हवेतच होता. सुंदराबाईने आपला पदर त्यांच्यापुढे केला.

"इथं लाव ना माय हात. हे अजून अंगावरचं हाये."