जास्तीची मूठ

कामावरून दमून आलेल्या कुमुदताईंनी टोमॅटो, लसूण, पाणी सगळं एकदमच पातेल्यात घातलं आणि वर पास्त्याच्या तीन मुठी सोडून डाव फिरवला.

"एक मूठ जास्त झाली," पातेलं म्हणालं.

डाव धरणाऱ्याची नाडी ते ओळखायचं आणि घरात जेवढे जीव त्याच्या ओळखीचे, तेवढ्यांचं मिळून माप सांगायचं, जिवामागे एक मूठ. मुकुल जाऊन सव्वा महिना झाला, तेव्हापासून रोज हेच सांगत होतं.

"तुला काय करायचंय?" कुमुदताई रोज म्हणायच्या आणि लेकाच्या वाटणीचं सकाळी कावळ्याला घालायच्या.

तेवढ्यात सून रेवती आली. "आई, तुम्ही बसा, मी ढवळते. मला मात्र दोनच घास वाढा. सकाळपासून नुसतं मळमळतंय."

रेवतीने डाव हातात घेतला. पातेल्याने तिची नाडी पाहिली.

"माप बरोबर आहे."

"बिघडलं वाटतं हे," रेवती म्हणाली.

कुमुदताईंनी सुनेकडे नीट पाहिलं आणि तिच्या हातातला डाव हळूच काढून घेतला.

"नाही गं, बाळा. तू आधी खाली बस."

उद्या कावळ्यासाठी काही उरणार नव्हतं.