चौथ्या मजल्यापर्यंत

सौमित्रने वूफरची, खोल आवाजाच्या स्पीकरची, जड पेटी डिकीत आणखी चार बोटे डावीकडे सरकवली. सकाळपासून ही तिसरी जागा. प्रथम त्याने पेटीचे तोंड पुढे केले, तेव्हा आवाज मागच्या सीटच्या कापसातच विरून गेला. मग तोंड मागे फिरवले. गाडीत घुमले, पण बाहेर काही पोचेना.

गाडीचा मालक राजवर्धन, त्याला तर आवाज बाहेरच हवा होता. "सौमित्रभाई, गाडी वळणावर आली ना, की चौथ्या माळ्यावरच्या काचा धडधडल्या पाहिजेत," पुढच्या सीटवरून तो म्हणाला. "पणजोबांच्या हत्तीपुढे नगारा वाजायचा. मी काय पिपाणी वाजवत फिरू? आज नाही जमलं तर गाडी अहमदाबादला नेतो. मग तुम्ही बसा निरांते, आरामात रेडिओ दुरुस्त करत."

सौमित्र हसला नाही. बँकेतली नोकरी सोडून त्याने निजामपुऱ्यात हे दुकान थाटले, त्या दिवसापासून प्राध्यापक असलेल्या वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. ही गाडी साऱ्या बडोद्यात फिरणार होती. ती गाजली तर तो कारागीर ठरणार होता. नाही तर वडील खरे ठरणार होते.

दुकानाच्या डोक्यावरच, चौथ्या मजल्यावर, त्याचे बिऱ्हाड होते. खिडकीची एक झडप उघडून, दुसरीच्या काचेला तळहात टेकून त्याची बायको मोहना उभी होती. खोल आवाज कानाआधी हाताला कळतो, हे त्यानेच तिला शिकवले होते. पेटी हलली की तिने वरून निकाल द्यायचा, अशी रीत पडली होती.

"अहो, झेंडावंदनाला सगळी बिल्डिंग गेली. मी उतरू का?"

"आत्ता नको! हे शेवटचं. जागची हलू नकोस."

"सहावं शेवटचं आहे हे तुमचं," ती म्हणाली. पण हात तिने काचेवर परत ठेवला.

२००१ सालच्या प्रजासत्ताकदिनाचे पावणेनऊ वाजत होते. ऊन आजाऱ्याच्या हसण्यासारखे फिकट होते. वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी तारांवर अडकून राहिलेले संक्रांतीच्या उत्तरायणातले फाटके पतंग अचानक थरथरू लागले. सौमित्रने ते पाहिले आणि मान पुन्हा डिकीत घातली. पेटीच्या दोन तारांची अदलाबदल केली, पत्र्यावर गाल टेकला आणि ओरडला, "लावा आता!"

आधी आवाज आला नाही. आला तो भार. मनगटातून चढला, दातांत उतरला, डब्यातले स्क्रू नाचवून गेला. मग खालून, फार खालून, एक घरघर उठली आणि तिच्यात सकाळचे बाकी सारे आवाज बुडाले. इतका खोल बास त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. हा आवाज वडिलांच्या अभ्यासिकेपर्यंत पोचेल, असे त्याला क्षणभर वाटले.

"आला! अहो, आला!" वरून मोहनाची किंकाळीच ऐकू आली, आनंदाची. "सगळ्या काचा वाजतायत!"

"बस! तेवढाच ठेवा," सौमित्रने पुढे हाक दिली.

घरघर वाढतच गेली. त्याने मान वर केली. राजवर्धन सीटवरून मागे वळून त्याच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि चकचकीत सीडी अजून त्याच्या बोटात होती.

"सौमित्रभाई," तो म्हणाला, "मी अजून लावलंच नाही."

हादरा पेटीतून येत नव्हता. जमिनीतून पेटीत शिरत होता. सौमित्र धडपडत रस्त्यावर आला. त्यांच्याच इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आभाळाची रेघ सोडून सरकत होती, परत येत होती, आणि पुन्हा सरकताना आणखी दूर जात होती. त्याने दोन्ही हात उंचावून मोहनाला हाक मारली. काचांच्या खणखणाटात त्याची हाक त्याच्याच कानांपर्यंत पोचली नाही.

त्याचे उंचावलेले हात तिला मात्र दिसले. तिनेही आपले दोन्ही हात वर केले आणि खिडकीतून वाकून, हसत ओरडली, "अहो, थांबवू नका! अजून वाढवा!"