खालच्या फळीवरची पातेली

शेगुलाबाई रेवदंड्याहून पहिल्यांदाच लेकाकडे दुबईला आल्या आणि चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ज्यू माणसाच्या घरात मटणाचं आणि दुधाचं भांडं एक होता कामा नये, हे त्या एलियाझला दर फोनवर बजावायच्या. "पाळतो गं आई," असं तोही दर वेळी सांगायचा.

"हे बघ, वरच्या फळीवर मटणाची पातेली, खालच्या फळीवर दुधाची. खलास, आता तरी चिंता सोड!" एलियाझ म्हणाला.

दुबईच्या करामा भागातल्या त्या एवढ्याशा किचनमध्ये त्यांचे डोळे भरून आले. आठवडाभर त्यांनी खालच्या पातेल्यांत हौसेनं खीर केली, बासुंदी आटवली आणि गावी फोन लावून लावून सांगितलं, "माझ्या लेकानं परमुलखात राहूनही रीत सोडली नाही हो!"

आज एलियाझ ऑफिसला गेला आणि शेजारची अन्वरी आली. तिनं सरळ खालच्या फळीकडे बोट दाखवलं.



"मावशी, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी एलियाझभाईनं नेलेली माझी ती पातेली देता का? पाहुणे यायचेत, आणि मटण मी नेहमी त्यांतच शिजवते."