क्रीटमधली डबल रूम

चिठ्ठ्यांची टोपी शिरीषसमोर आली आणि त्याने हात मागे घेतला.

"काढ रे," चंद्रहास म्हणाला. "तुझ्यापायी चहा थांबलाय."

कॅसल हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये, परदेशात तिथेच स्थायिक झालेल्या ज्येष्ठ मराठी मंडळींची क्रीटच्या सहलीची बैठक चालली होती. ग्रीसच्या या मोठ्या बेटावर चंद्रहासने समुद्रकाठचं एक छोटं हॉटेल ठरवलं होतं, कारण तिथली मालकीण शाकाहारी स्वयंपाक करून द्यायला तयार होती. हॉटेलच्या वेबसाइटवरचं इंद्रधनुष्य आणि 'सगळ्या जोडप्यांचं स्वागत' हे वाक्य त्याने पाहिलं होतं, पण ते दुसऱ्या कुणासाठी असेल असं समजून तो पुढे गेला होता. आता खोल्यांची वाटणी चालू होती. जोडप्यांना डबल रूम. एकट्यांची नावं टोपीत, आणि ज्याच्या हाती ज्याचं नाव येईल तो त्याचा रूममेट. टास्मानियाला शिरीषच्या वाट्याला शैलेंद्रचं घोरणं आलं होतं आणि न्यूझीलंडला विनयची पहाटेची कपालभाती. अवधूत दोन्ही वेळा भिंतीपलीकडे, भलत्याच कुणाच्या खोलीत.

शिरीषने मागे पाहिलं. अवधूत शेवटच्या रांगेत बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याने मान वर केली नाही. त्याचं बोलून सकाळीच झालं होतं. "ज्या घरात आपण दोघं म्हातारे झालो ते सोडून, सातासमुद्रापार जाऊन मी परक्या माणसाशेजारी झोपणार नाही. सांगायचं तर या वेळी तू सांग. नाहीतर तू जाऊन ये, मी घर सांभाळतो." क्रीटला जायची हौस मुळात अवधूतची. पण एकदा नाही म्हटलं की तो ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे, हे शिरीषला ठाऊक होतं.

जन्मभर शिरीषने ऑपरेशन टेबलावरच्या माणसांना "घाबरू नका" म्हणत भूल दिली होती. आज ते स्वतःलाच सांगायची वेळ आली होती.

"मला चिठ्ठी नको," तो म्हणाला.

"सिंगल रूम हवी का? नो वरीज, विचारून बघतो."

"डबल. मी आणि अवधूत."

चंद्रहास हसला. "अरे, घरी एकमेकांची तोंडं बघताच की. ट्रिपला तरी वेगळे व्हा."

"तू वासंतीला असं म्हणालास कधी?"

वासंती म्हणजे चंद्रहासची बायको. पहिल्या रांगेत बसलेल्या तिला हसू आलं, आणि मग शिरीषचा चेहरा बघून ते ओठांवरच राहिलं.

"म्हणजे..." चंद्रहास म्हणाला.

"म्हणजे तेच. आम्ही भाडं वाचवायला एकत्र राहत नाही, चंद्रहास. कधीच राहत नव्हतो."

शैलेंद्रने घसा खाकरला. "आमचं काही म्हणणं नाही रे. पण तिकडची गावं जुन्या वळणाची असणार. हॉटेलवाले काय म्हणतील?"

शिरीषला राग आला. बरंच झालं, रागापुढे भीती टिकली नाही.

"मी फोन केला होता. मालकिणीला सांगितलं, आम्ही दोघं पुरुष आहोत, जोडपं आहोत. तिने एवढंच विचारलं, बेड एक हवा की दोन. जगाच्या दुसऱ्या टोकाची अनोळखी बाई. आणि तुम्ही? दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येता, अवधूतच्या चकल्या डबे भरून नेता. तुमच्यापैकी एकाने कधी काही विचारलं नाही."

विनय "गाडी नीट लावली का बघतो" असं पुटपुटत बाहेर गेला. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत बसले.

वासंती उठली. शिरीषला वाटलं, आता हीसुद्धा चालली. ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून रे?"

"शहाऐंशीच्या दिवाळीपासून."

वासंती नवऱ्याकडे वळली. "आपलं लग्न नव्वदचं."

"मग?"

"मग काय मग? ज्यांचा संसार जुना त्यांनी खोली आधी निवडायची, हा नियम तुझाच ना? आजवर दर ट्रिपला पहिली निवड माझी असायची. या वेळी माझा नंबर दुसरा."

चंद्रहासने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला हे पचलं होतं की नाही कोण जाणे, पण स्वतः केलेला नियम मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "बोल, शिरीष. समुद्राकडची की बागेकडची?"

शिरीषचे डोळे भरून आले, आणि आज त्याने ते लपवले नाहीत. इतका आनंद त्याला नागरिकत्व मिळालं तेव्हाही झाला नव्हता. याच हॉलमध्ये, भर बैठकीत, बायकोला खोली विचारणारे पुरुष त्याने दर सहलीला पाहिले होते. तो मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अवधूत, समुद्राकडची घेऊ ना?"

"काही नको," अवधूत म्हणाला. "वाऱ्याने रात्रभर खोकशील आणि माझ्या झोपेचं खोबरं करशील. बागेकडची घे."

"पण मला समुद्र..."

"बागेकडची."

हॉलमधल्या झाडून सगळ्या नवऱ्यांनी शिरीषकडे सहानुभूतीने पाहिलं.