कुणालाच सांगत नसतो

सोनपेठचे माणिकराव गेले, अन् त्यांच्या पाकिटात परदेशातल्या कुठल्याशा बँकेचं कार्ड निघालं. लेकीनं, राजेश्रीनं, तिथं फोन लावला. "खातं आहे की नाही, हेसुद्धा आम्ही कुणालाच सांगत नसतो," बँकेनं ऐकवलं. "बायकोलाही नाही."

महिन्याभरानं दोन अनोळखी माणसं दारात आली. उशिरा कळल्यानं दुखवट्याला आली असतील, म्हणून माणिकरावांच्या बायकोनं, कमलबाईंनी, सतरंजी टाकली, पाणी दिलं अन् पदर डोळ्याला लावला. माणसं अवघडली. मग एकानं आयकर खात्याचं ओळखपत्र दाखवलं, माणिकरावांनी त्या बँकेत नेमके किती ठेवलेत ते सांगितलं, अन् वर त्याचा कर भरायला बजावलं.

"घरात कुणालाच ठाऊक न्हाई हे. तुमाला कुणी सांगितलं, साहेब?" कमलबाईंनी विचारलं.



"बँकेनंच."