राणीचं नाक

राणीचं खरं नाक लेकीच्या एप्रनच्या खिशात कापसात गुंडाळलेलं होतं, आणि बाबा नेमके त्याच दिवशी टपकले.

संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. आता तिथं लेक बसत होती, त्यामुळे दार वाजवून येण्याचा प्रश्नच नव्हता. सरळ आत आले आणि टेबलावरच्या दगडी मस्तकापुढे उभे राहिले. हजारो वर्षांपूर्वीची राणी. डोळे, ओठ, मुकुट सगळं जागच्या जागी, आणि नाकाच्या जागी खड्डा.

"काढलंस?"

"साफ करायला काढलं, बाबा." हे अगदीच खोटं नव्हतं.

बाबांचं नाक शेजारी बशीत ठेवलं होतं. म्हणजे बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी घडवलेलं. प्लॅस्टरचं, सरळ, नाजूक, शेंड्याला किंचित उचललेलं. या नाकानं भलतंच नाव काढलं होतं. पोस्टकार्डं झाली, वह्यांची मुखपृष्ठं झाली, साबणाचे खोके झाले. नाटकात राणीचं काम द्यायचं तर नटीसुद्धा असल्याच नाकाची शोधायचे. दुसऱ्या दिवशी नवं दालन उघडणार होतं आणि या नाकासाठी बाबांचा सत्कार होता. आयुष्यातला पहिलाच. कोट एकदा इस्त्री करून आणला होता, तो मनासारखा झाला नाही म्हणून पुन्हा टाकला होता.

म्हणूनच खरं नाक सापडल्यापासून दोन दिवस तिनं तोंड उघडलं नव्हतं. संचालकांपुढे नाही आणि बाबांपुढे तर नाहीच.

बाबांनी स्टूल ओढलं. "सात नाकं केली होती मी. पहिली तीन तुझ्या आईच्या नाकावरून. तर तुझी आई म्हणते, अहो, या नाकासाठी कुठला राजा खुळा होणार? तेव्हाचे साहेबही तेच म्हणाले. दोन राजे हिच्यापायी वेडे झाले, मग नाक तसं नको का? हे सातवं पास झालं."

"पण खरं नाक शोधलं नव्हतं?"

"शोधलं नव्हतं म्हणजे! खोदकामातले सगळे तुकडे मीच तर लावले होते. बायकांच्या तुकड्यांचा खण दोनदा उपसला. एक नाक बसेल तर शपथ."

"आणि पुरुषांचा?"

"पुरुषांचा कशाला?"

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं. तिनं खिशातला कापूस टेबलावर ठेवला आणि उलगडला.

चांगलं दणदणीत नाक होतं. मधे उंचवटा, रुंद नाकपुड्या. त्याला दोऱ्यानं एक पिवळी पडलेली चिठ्ठी बांधली होती. 'पुरुष. बहुधा सेनापती.'

बाबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"अक्षर माझंय."

"हो."

"मोठं होतं ना, म्हणून मी..."

"अजून कुणाला सांगितलेलं नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "उद्याचं पार पडू दे. मग बघू. नाहीतर परत खणात ठेवू. इतकी वर्षं राहिलंच की तिथं."

बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण बापाच्या त्या दोनदा इस्त्री केलेल्या कोटापुढे मेलेल्या राणीची काय पत्रास, असंही वाटलं.

बाबा उठले. बेसिनवर जाऊन हात धुतले, बोट न् बोट पुसलं. चिठ्ठी सोडवून बाजूला ठेवली आणि तुकडा उचलला. दगडाला जोर करायचा नसतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तुकडा नुसता टेकवायचा, जरासा फिरवायचा. जागा त्याची असेल तर तो आपणहून अडकतो.

अडकला. फटीत केससुद्धा गेला नसता.

चेहराच बदलला. डोळे तेच होते, ओठ तेच होते, कुणी छिन्नी लावली नव्हती. पण आतापर्यंत जी कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसायची, ती आता समोरच्याचं म्हणणं ऐकून घेत होती. आणि फार वेळ ऐकून घेईल असं काही दिसत नव्हतं.

बाबा तुकडा धरून तसेच उभे राहिले.

"हात भरून येईल, बाबा. सोडा."

"थांब गं. साहेबांना फोन लाव आधी. खाली या म्हणावं."

"अहो, पण उद्याचा सत्कार?"

"लाव म्हटलं ना."

तिनं फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. बाबांनी मान कलती करून राणीला या बाजूनं पाहिलं, मग त्या बाजूनं पाहिलं.

"चाळीस वर्षं ओळखतो मी हिला," ते म्हणाले. "कोण कोण हिच्यावर भाळलं, सगळं तोंडपाठ आहे. पण हिनं केलं काय गं? म्हणजे, राज्यात?"